‘ढ’ कुणाला म्हणता?

(वस्त्यावस्त्यांतून संध्याकाळच्या अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातलं भाषण. बोललेलं जवळपास तसंच ठेवून, थोडं आटोपशीर करून छापलं आहे.)



मला विषय दिलाय ‘वाचनात मागे पडणारी मुलं’. ज्यानं दिला त्यानं चांगल्या मनानं दिला. पण माझं पहिलं भांडण त्या ‘पडणारी’शीच आहे. पोरं मागं पडतात का पाडली जातात? ह्या देशात आपल्याला ‘मागास’ म्हणतात ते असंच. जणू आमचे बापजादे रांगेत पुढं उभे होते नि लहर आली म्हणून मागं जाऊन बसले!

मराठीत एक अक्षर असं आहे, जे पोराला वाचता यायच्या आधीच त्याच्या कपाळावर चिकटवलं जातं. ‘ढ’. सांगतात की अशोकाच्या ब्राह्मी शिलालेखांत ‘ढ’ जसा होता जवळपास तसाच आजही आहे. बाकीची अक्षरं बदलली, हा बदलला नाही, म्हणून न सुधारणाऱ्याला ‘ढ’ म्हणायची रीत पडली. खरंखोटं पंडित जाणोत. मला एवढंच माहीत आहे, की आपल्या वस्तीत हे अक्षर पाटीपेक्षा पोरांच्या तोंडावरच जास्त उमटलंय.

मी एका ‘ढ’ पोराबद्दल बोलणार आहे. तो माझा धाकटा भाऊ.

हा पोरगा एकदा ऐकलेलं गाणं विसरत नसे. जयंतीला जलशाची पार्टी आली की दुसऱ्या दिवशी अख्खा जलसा म्हणून दाखवायचा, वगातल्या सगळ्या पात्रांचे आवाज काढून. बंद पडलेला मिक्सर उघडून पुन्हा चालू करायचा, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पण पुस्तक समोर आलं की घाम. एका ओळीला पाच मिनिटं. काल आलेलं अक्षर आज गायब. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहायचा. घरात बाबासाहेबांचा फोटो, पुस्तक हातात घेतलेला. त्या फोटोखाली उभा करून आमचा बाप त्याला मारायचा. म्हणायचा, ‘हा माणूस अठरा अठरा तास वाचत होता रे, नि तुला एक पान वाचवत नाही?’

मी मारत नव्हतो. मी त्याहून वाईट केलं. तो तेरा वर्षांचा असताना, २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाच्या कार्यक्रमात मी त्याला प्रास्ताविका वाचायला उभं केलं. आठ दिवस आधीपासून सांगत होता, ‘दादा, मला नको.’ मी म्हटलं, ‘लाज काढू नको. आपल्या बापानं लिहिलंय, आपण नाही वाचणार तर कोण वाचणार?’ उभा राहिला. ‘सार्वभौम’ ह्या शब्दाशी अडकला. सा... सा... साव... पहिल्या रांगेतलं कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. आपलेच लोक होते हो. पोरगा कागद खाली ठेवून गेला तो परत कुठल्या कार्यक्रमाला आला नाही. नववीत शाळा सुटली.

हे सांगतोय ते रडायला नाही. ह्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या घरात, चाळीत, असा एकजण आहे, म्हणून सांगतोय.

त्या पोराला वाचता का येत नव्हतं? मी तीन उत्तरं ऐकली होती. शाळेतल्या बाईंचं उत्तर: ‘ह्यांच्यात असंच असतं, घरी वातावरण नाही.’ बापाचं उत्तर: ‘हाडाचा आळशी.’ माझं उत्तर: ‘मन लावत नाही.’ एकात जात, एकात शिव्या, एकात उपदेश. त्याच्या डोक्यात अक्षर शिरताना नेमकं काय होतं, हे तिघांनीही विचारलं नाही.

आता जरा शास्त्राकडं येऊ.

बोलणं माणसाला आपोआप येतं. पोर नुसतं माणसांत वाढलं की बोलतं. वाचणं तसं येत नाही. लिपी ही जेमतेम पाच हजार वर्षांची वस्तू. वाचनासाठी म्हणून मेंदूत वेगळा कप्पा घेऊन कुणी जन्माला येत नाही. बामणाचं पोर पण नाही. नजरेनं वस्तू ओळखणारा मेंदूचा डावीकडचा एक भाग आणि आवाज समजणारा भाग, ह्यांची गाठ शिकवून शिकवून बांधावी लागते. २०१७ साली एक संशोधन छापून आलं. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर माणसांना, त्यांत बहुतेक तिशीतल्या बायका, सहा महिने देवनागरी शिकवली; शिकवण्याआधी नि नंतर मेंदूची चित्रं घेतली. मेंदूतली जोडणी बदललेली दिसली. तिशीत! ज्यांच्या आजीपणजीनं अक्षराला हात लावला नाही त्यांचा मेंदूही शिकवलं की वाचता होतो. तशी आपल्याला ह्याची साक्ष १८५५ सालीच मिळाली होती. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मातंग मुलीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वय साधारण चौदा.

पण काही पोरांच्या बाबतीत ही गाठ लवकर बसत नाही. शब्दातले आवाज सुटे करणं नि प्रत्येक आवाजाला त्याचं अक्षर झटकन जोडणं, इथं त्यांचं घोडं अडतं. डोळ्यांचा ह्यात दोष नसतो. अक्कल तर शाबूतच असते. ह्याला डिस्लेक्सिया म्हणतात. तो घराण्यातनं चालत येतो. शंभरात पाच ते दहा पोरांना तो असतो असा तज्ज्ञांचा अंदाज. रेघ कुठं मारता त्यावर आकडा कमीजास्त होतो. इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, चिनी, मराठी, कुठलीही लिपी घ्या, तो आहेच. जात बघून तो येत नाही. जात बघून येतं ते त्याचं नाव.

हे कसं, ते बघा.

१८९६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरनं एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. पोरगा हुशार, खेळात तरबेज, गणित यायचं. पण वाचता येईना. स्वतःचं ‘पर्सी’ हे नाव लिहिताना अक्षरं मागंपुढं करायचा नि ते त्याच्या लक्षात यायचं नाही. सातव्या वर्षापासून त्याला शिकवायला मास्तर होते. डॉक्टरनं विचार केला, घर चांगलं, मास्तर चांगले, पोरगा चांगला. मग राहिलं काय? मेंदूतलं काहीतरी जन्माचं वेगळेपण. निष्कर्ष बरोबर होता. पण तो कसा काढला पाहा: सगळं मिळालेलं असूनही ज्याला येत नाही, तो आजारी.

हीच वजाबाकी पुढं व्याख्या झाली. १९६८ साली जागतिक न्यूरॉलॉजी महासंघानं डिस्लेक्सियाची व्याख्या केली. तिचा मतलब असा, की नेहमीचं शिक्षण, पुरेशी बुद्धी आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी मिळूनही वाचायला शिकणं जमत नाही, तो डिस्लेक्सिया. आता मला सांगा, आपल्या पोराला ‘सामाजिक-सांस्कृतिक संधी’ कुठल्या दुकानात मिळते? ती नाही, म्हणजे तो व्याख्येत बसत नाही. मेंदूत तीच अडचण असलेली दोन पोरं. एकाला संधी होती, तो डिस्लेक्सिक. दुसऱ्याला नव्हती, तो ढ. १९७५ सालच्या अमेरिकेच्या कायद्यानंही आर्थिक नि सांस्कृतिक वंचनेमुळं येणारी अडचण ह्यातनं वगळली. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेनं बुद्ध्यांक नि वाचन ह्यांत अमुक एवढी तफावत हवीच, ही जुनी कल्पना सोडून दिली. वंचनेची गोष्ट मात्र वेगळ्या शब्दांत राहिलीच. म्हणजे गरिबाला आजार व्हायचीसुद्धा सोय नाही!

आपल्याकडं काय झालं? महाराष्ट्रात १९९६ साली दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती सुरू झाल्या: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुका न धरणं. चांगलंच झालं. पण तो कागद आधी कुणाच्या हातात पडला? ज्यांना तो असतो हे माहीत होतं त्यांच्या. तपासणीची साधनं बहुतेक इंग्रजीतली. मराठीत वाचणाऱ्या पोरासाठी ती तोकडी. मराठी, हिंदी, कन्नड वाचणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं बनवलेली ‘डाली’ ही चाचणी आली २०१५ साली. मधली वीस वर्षं गेली की नाही? २००७ साली ‘तारे जमीन पर’ आला. आपण सगळ्यांनी बघितला, रडलो. घरी येऊन पोरानं पुस्तक उघडलं नि अडखळलं तर पुन्हा थोबाडीत दिली. कारण पडद्यावरचा पोरगा फ्लॅटमधला होता. ते आपल्यात पण असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

इथं कुणीतरी म्हणेल, आधीच म्हणतात ह्यांना अक्कल नाही, आता डॉक्टरचा शिक्का पण मारून घ्यायचा का? हा सवाल खरा आहे. १९७२ साली आपल्या पोरांनी ज्यांच्यावरनं पँथर हे नाव घेतलं ते ब्लॅक पँथर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला उभे राहिले. खाडीपलीकडं सॅन फ्रान्सिस्कोत काळ्या पोरांची बुद्ध्यांक चाचणी घेऊन त्यांना ‘मतिमंद’ ठरवून वेगळ्या वर्गात टाकत होते. आईबाप कोर्टात गेले. लॅरी पी. खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९७९ मध्ये न्यायाधीशानं निकाल दिला, ह्या चाचण्यांवरनं काळ्या पोरांना त्या वर्गात टाकता येणार नाही. म्हणजे शिक्क्याची भीती ही काही आपल्या मनाचा खेळ नाही. आपल्याकडं २०१८ च्या केंद्राच्या सूचनांतसुद्धा अध्ययन अक्षमतेच्या तपासणीआधी बुद्ध्यांक ८५ च्या वर असावा अशी पायरी होती. ज्या चाचणीत शब्दसंग्रह मोजतात, सामान्यज्ञान विचारतात, त्या चाचणीत न वाचणारं पोर आधीच खाली जाणार. वाचता येत नाही म्हणून गुण कमी, नि गुण कमी म्हणून वाचता न येण्याचं कारण शोधायचं नाही!

म्हणून आपली भूमिका साफ हवी. पोराला वेगळं बसवण्यासाठी नाव नको. त्याच वर्गात, त्याच बाकावर, त्याला वेगळ्या रीतीनं शिकवण्यासाठी नाव हवं. जे नाव शिकवण्याची जबाबदारी मास्तरावर टाकतं ते घ्या. जे नाव ती जबाबदारी काढून घेतं ते फेकून द्या.

आता दुसरी बाजू. उद्यापासून प्रत्येक अडखळणाऱ्या पोराला डिस्लेक्सिया म्हणू नका. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या शंभर पोरांपैकी साधारण ४३ पोरांनाच दुसरीचा धडा वाचता आला. उरलेली ५७ काय सगळी मेंदूनं वेगळी? अरे, त्यांना शिकवलंच नाही! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करायचं बंद केलं, २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत नापास करायची मुभा राज्यांना दिली. भांडणं होतात ती पास का नापास ह्यावर. पास करून वाचायला येत नाही नि नापास करूनही येत नाही. शिकवल्यानं येतं. तर ह्या न शिकवलेल्या गर्दीतच ती पाच-दहा पोरं दडलेली आहेत, ज्यांना नुसतं शिकवून पुरत नाही, जास्त नि नीट शिकवावं लागतं. गर्दीमुळं ती दिसत नाहीत. ह्यांच्यावर अन्याय दुहेरी.

मग ओळखायचं कसं? आधी डोळे तपासा. मग कान. आपल्या वस्तीत किती पोरांचे कान वाहतात, घरात कुणी लक्ष देत नाही. ज्याला आवाजच धड ऐकू येत नाही तो अक्षराला आवाज कसा जोडणार? पोर शाळेत रोज जातं का, उपाशी जातं का, हे बघा.

मग त्याची बोली बघा. पुस्तकात ‘पाणी’ लिहिलंय नि पोरगा ‘पानी’ वाचतो. मास्तर म्हणतो चुकलं. अजिबात चुकलं नाही! त्यानं अक्षरं बरोबर ओळखली, अर्थ बरोबर लावला नि आपल्या आईच्या तोंडचा शब्द उच्चारला. ण चा न होणं, ळ चा ल होणं, ही बोली आहे. तो रोग नाही नि दोषही नाही. ह्याच्यावर लाल रेघ मारणारा मास्तर वाचन तपासत नाही, जात तपासतो.

आता खरी लक्षणं. दुसरी-तिसरी झाली तरी अक्षरं पक्की होत नाहीत. आज येतात, उद्या जातात. शब्दाचं पहिलं अक्षर बघून बाकीचा अंदाजानं ठोकतो. काना-मात्रा गाळतो. जोडाक्षराशी अडतो. मराठीत अक्षर-आवाजाचं नातं इंग्रजीपेक्षा सरळ आहे. म्हणून आपल्याकडं काही पोरं चुका कमी करतात, पण वाचतात गोगलगायीसारखं, बोट ठेवून, नि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरतात. यमक जुळवायला सांगितलं तर गोंधळतात. महिन्यांची नावं, पाढे क्रमानं राहत नाहीत. पण तोच धडा तुम्ही वाचून दाखवा नि प्रश्न विचारा, धडाधड उत्तरं. ऐकून कळतं नि वाचून कळत नाही, ही मोठी खूण. आणि ही खूण पोरींमध्येही शोधा. १९९० साली अमेरिकेत येलच्या संशोधकांनी दाखवलं, शाळेनं निवडलेल्यांत मुलगे खूप जास्त, पण संशोधकांनी स्वतः सगळ्यांना तपासलं तर मुलगे-मुली जवळपास सारखे. पोरगा वैतागून दंगा करतो म्हणून दिसतो. पोरगी गप्प बसते. आपल्याकडं तर तिला लगेच भांड्याला लावतात, म्हणतात हिला शाळेची आवड नाही.

‘सार्वभौम’कडं परत येतो. त्यात माझ्या भावाला काय दिसत होतं? र बोलायचा व च्या आधी, नि लिहिलाय व च्या डोक्यावर, रफार म्हणून. लगेच पुढं भ ला औकार. ‘कि’ मध्ये क आधी बोलतो, वेलांटी आधी दिसते. घ नि ध, भ नि म, थ नि य, ही अंधारात भावंडं वाटावीत अशी. ‘ख’ म्हणजे ‘र’ नि ‘व’ शेजारी. ज्याची गाठ बसली आहे त्याला हे दिसतच नाही. ज्याची बसली नाही त्याला प्रत्येक शब्द हा कुलूपबंद दरवाजा.

तर अभ्यासिकेत काय करायचं? मी जे करून बघितलं नि ज्याच्यामागं जगभरातला अनुभव आहे, तेवढंच सांगतो.

एक. आधी कान, मग डोळा. पुस्तक न उघडता आवाजांचा खेळ. ‘कमळ’ तोड: क-म-ळ. टाळ्या किती? तीन. ‘क’ काढ, काय राहिलं? ‘मळ’. ‘कप’ चा क काढून ज घाल: ‘जप’. त घाल: ‘तप’. रोज दहा मिनिटं.

दोन. बाराखडी घोकणं बंद. घोकणारं पोर गाणं म्हणतं, वाचत नाही. सात-आठ अक्षरं नि काना घ्या: क, म, न, ल, र, त, स, ब. लगेच शब्द होतात: काम, नाक, लाल, सात, मामा, बाबा. पहिल्या आठवड्यातच पोराला शब्द वाचता आला पाहिजे. मग एक एक मात्रा. एक पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. सारखी दिसणारी अक्षरं एका दिवशी शिकवू नका. भ पक्का झाला की काही आठवड्यांनी म. जोडाक्षरं नि रफार शेवटी, पण मुद्दाम, उघडून दाखवून.

तीन. हात, डोळा, तोंड एकदम. परातीत वाळू घ्या, बोटानं अक्षर काढताना आवाज मोठ्यानं म्हणा. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन नि ॲना गिलिंगहॅम ह्यांनी गेल्या शतकात ह्याच तत्त्वावर पद्धत बसवली. तिला भारी साहित्य लागत नाही. परात प्रत्येक घरात आहे.

चार. रोज अर्धा तास, तीन पोरांमागं एक जण. रविवारी तीन तास बसवून काही होत नाही. इयत्ता बघून गट करू नका. कुठं अडतो ते बघून करा. सातवीचा नि तिसरीचा एका गटात येईल, येऊ दे. पण सातवीच्या पोराच्या हातात चिऊकाऊचं पुस्तक देऊ नका, त्याचा अपमान होतो. त्याला बोलायला लावा, क्रिकेटचं, गॅरेजचं, भांडणाचं. तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. तोच त्याचा धडा. तोच उतारा तीनचार वेळा वाचू द्या, तुम्ही बरोबरीनं वाचा.

पाच. वाचता येईपर्यंत डोकं उपाशी ठेवू नका. इतिहास, विज्ञान, पेपरातल्या बातम्या, चळवळीची पुस्तकं त्याला वाचून दाखवा. उत्तरं तोंडी घ्या. नि चारचौघांत अचानक उभं करून वाचायला लावणं, हे आजपासून बंद.

असं तीन महिने करा. बहुतेक पोरं झपाट्यानं पुढं जातील. त्यांना फक्त शिकवलं नव्हतं. दोनचार राहतील. त्यांना शिकवणं चालूच ठेवा नि त्यांच्यासाठी कागदाची लढाई सुरू करा. सरकारी रुग्णालयात जा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचा खास विभाग आहे. दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी धावाधाव करू नका, खूप आधी जा. रंगीत चष्मे, डोक्याचं तेल, जडीबुटी विकणारे भेटतील, त्यांना दारात उभं करू नका.

आणि कायदा पाठ करा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. ह्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, डिस्लेक्सियाचं नाव घेऊन. १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. ह्यातल्या व्याख्येत ‘सामाजिक-सांस्कृतिक संधी’ची मेख नाही, हे ध्यानात ठेवा. कलम १६ सांगतं, शाळेनं अशी मुलं लवकरात लवकर ओळखायची नि योग्य ते शैक्षणिक उपाय करायचे. शाळेनं! आईबापानं फी भरून नव्हे. तेव्हा आपल्या वॉर्डातल्या प्रत्येक शाळेला लेखी विचारा: पहिली ते पाचवीच्या किती मुलांची चाचणी मराठीतनं घेतली? कितीजणांना वेगळं शिकवलं? उत्तर लेखी मागा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं मारायला नि मानसिक छळायला बंदी आहे. ‘ढ’ म्हणणं हा मानसिक छळ आहे, तेही लेखी द्या.

शेवटचं आपल्या घरातलं. आपल्या लोकांसाठी वाचणं म्हणजे नुसतं वाचणं नाही. ज्यांना अक्षराजवळ येऊ दिलं नाही त्यांची आपण पोरं. म्हणून आपल्याकडं न वाचणारं पोर नुसतं नापास होत नाही, त्याला गद्दार झाल्यासारखं वाटतं. मग आपण त्याच्यापुढं बाबासाहेबांचे अठरा तास ठेवतो, शाळेत न जाता ‘फकिरा’ लिहिणारे अण्णाभाऊ ठेवतो. अरे, अण्णाभाऊंना शाळा मिळाली नव्हती. ती गोष्ट वेगळी, ही वेगळी. ज्याला पायात काटा आहे त्याला धावणाऱ्याचा फोटो दाखवून काटा निघत नाही. बाबासाहेबांनी वसतिगृहं, ग्रंथालयं, कॉलेजं काढली, कारण शिकण्याची सोय ही माणसाच्या जिद्दीवर सोडून भागत नाही हे त्यांना माहीत होतं. त्या फोटोखाली पोराला मारणं हा त्या फोटोचा अपमान आहे.

माझ्या भावाची पोरगी तिसरीत आहे. तिलाही तसंच आहे. घराण्यातनं येतं म्हटलं ना. गेल्या पावसाळ्यापासून ती आमच्या अभ्यासिकेत परातीत अक्षरं काढते. तिचा बाप गॅरेजमधनं सुटला की तिला न्यायला येतो. आधी दाराबाहेर उभा राहायचा. मग उंबऱ्यावर बसायला लागला. परवा बघितलं तर पोरगी वाळूत ‘म’ काढत होती नि हा आपल्या मांडीवर बोटानं तेच गिरवत होता. मी काही बोललो नाही. त्याला बोलायचा माझा हक्क मी तेव्हाच घालवलाय. माफी मागितली आहे. तो म्हणाला, ‘जाऊ दे दादा, तिला कुठं उभं करू नका म्हणजे झालं.’

तर दोस्तांनो, येत्या २६ नोव्हेंबरला तुमच्या वस्तीत प्रास्ताविका वाचली जाईल. कुणी वाचायची हे ठरवताना आधी विचारा, ‘वाचशील का?’ नको म्हणाला तर सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणा, त्यालाही त्यात घ्या. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कुणाला न सांगता, त्याच्या घरी जा. परात घेऊन.

जय भीम.